इंडेक्स बांधण्याचा निर्णय यंत्राकडे कसा गेला?

कोट्यवधी नोंदींच्या डेटाबेसमधून आपण एखादी नोंद मागतो आणि ती क्षणार्धात पडद्यावर येते. अशा शोधाच्या मुळाशी बहुधा ‘इंडेक्स’ असतो. ग्रंथाच्या अखेरीस शब्दसूची असते, तशीच ही रचना. तिचा सर्वाधिक रूढ प्रकार म्हणजे ‘बी-ट्री’. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी तो १९७० च्या सुमारास बोइंगच्या प्रयोगशाळेत विकसित केला. प्रत्येक फाट्याला २०० वाटा फुटत असतील, तर अवघ्या ४ पायऱ्यांत १६० कोटी नोंदींपैकी नेमकी एक गाठता येते.

मग प्रत्येक स्तंभावर इंडेक्स का बांधू नये? कारण नवी नोंद आली की सारे इंडेक्स अद्ययावत करावे लागतात. वाचन वेगवान होते, पण लेखन मंदावते. म्हणून निवड करणे भाग पडते. २० स्तंभांच्या तक्त्यात एकेका स्तंभाचेच इंडेक्स विचारात घेतले, तरी निवडीचे १० लाखांहून अधिक पर्याय संभवतात. सर्वोत्तम निवडीचा हा प्रश्न गणनदृष्ट्या अतिशय कठीण वर्गात मोडतो, हे डग्लस कोमर यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले.

तत्पूर्वीच, १९७६ मध्ये, एमआयटीतील मायकेल हॅमर आणि अर्वोला चान यांनी स्वतःचे इंडेक्स स्वतः निवडणाऱ्या डेटाबेसची कल्पना मांडली होती. तरीही पुढे अनेक वर्षे हे काम प्रामुख्याने अनुभवी डेटाबेस-प्रशासकांच्या अंदाजावरच चालले.

कलाटणी मिळाली ती १९९७ मध्ये. विवेक नरसय्या आणि आयआयटी खरगपूरचे माजी विद्यार्थी सुरजित चौधुरी यांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये स्वयंचलित इंडेक्स-निवडीची पद्धत सादर केली. प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरवणारा घटक, म्हणजे ऑप्टिमायझर, डेटाबेसमध्ये आधीपासूनच होता. इंडेक्स प्रत्यक्ष न बांधता ‘तो आहे असे समज आणि खर्च सांग’, असे त्यालाच विचारायचे, ही त्यांची युक्ती. भौतिकशास्त्रातील विचारप्रयोगाशी तिचे नाते सहज जाणवते.

परंतु ऑप्टिमायझर सांगतो तो खर्च अंदाजित असतो. समजा, एका तक्त्यातील १० टक्के नोंदी महाराष्ट्राच्या आणि ५ टक्के पुण्याच्या आहेत. दोन्ही अटी परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर त्या एकत्र पूर्ण करणाऱ्या नोंदी ०.५ टक्के भरतात. वास्तवात त्या ५ टक्केच असतात, कारण पुणे महाराष्ट्रातच आहे. एका गृहीतकाने दहापट चूक! अनेक तक्ते जोडताना अशा चुका एकमेकींत गुणल्या जातात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अंशुमन दत्त आणि जयंत हरित्सा यांनी २०१४ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवले. अंदाजावर विसंबण्याऐवजी, खर्चाची मर्यादा पायरीपायरीने वाढवत प्रत्यक्ष अंमलबजावणीतूनच वाट शोधायची, अशी त्यांची ‘प्लॅन बुके’ पद्धत. ती इंडेक्स-निवडीसाठी नव्हती, पण तिने दाखवलेला दोष या क्षेत्रालाही तितकाच लागू पडतो.

इंडेक्सच्या स्वयंचलनातही पुढे मोजमापाला स्थान मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या अझुर एसक्यूएल डेटाबेसमधील अशा प्रणालीचे वर्णन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही प्रणाली इंडेक्स बांधते, आधीची आणि नंतरची कामगिरी मोजते आणि परिणाम वाईट ठरल्यास आपला निर्णय मागे घेते. ओरॅकलच्या १९सी आवृत्तीत नवा इंडेक्स प्रथम अदृश्य ठेवून तपासला जातो. पुढे तो वापरातच आला नाही, तर ३७३ दिवसांच्या पूर्वनिर्धारित मुदतीनंतर हटवला जातो.

‘यंत्र हुशार झाले म्हणून स्वयंचलन आले’ असे विद्यार्थ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. हा इतिहास मात्र वेगळे सांगतो. चांगला अंदाज बांधणारी यंत्रणा १९९७ मध्येच हाती आली होती. पण माणसाची संमती न घेता चालत्या डेटाबेसमध्ये बदल करण्याचा अधिकार तिला देता आला, तो आपली चूक मोजण्याची आणि ती मागे घेण्याची सोय झाल्यावरच. अन्य क्षेत्रांतील निर्णय आज आपण यंत्रांकडे सोपवत आहोत. तेथे अशी सोय आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.