अल्पखर्ची व्हेंटिलेटर

स्वतःच्या बळावर पुरेसा श्वास घेऊ न शकणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसांत ठरावीक मापाने व दाबाने हवा आणि ऑक्सिजन पोचवणारे, तुटपुंज्या साधनांच्या रुग्णालयातही चालवता व दुरुस्त करता येणारे यंत्र.

इतिहास : १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवण्याची व पिशवी हाताने दाबून हवा देण्याची पद्धत वापरली. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून पिशव्या दाबल्या. पुढे हे काम यंत्रांकडे आले. कोविडच्या काळात, मार्च २०२० मध्ये, महिंद्र उद्योगसमूहाने पिशवी दाबणाऱ्या यंत्राचा नमुना तयार केला. त्याची अपेक्षित किंमत ७,५०० रुपयांहून कमी होती. सौर पॅनेल पाण्याविना साफ करणारे यंत्रमानव बनवणाऱ्या पुण्याच्या नोक्का रोबोटिक्सने आयआयटी कानपूरच्या साहाय्याने त्याच वर्षी ‘नोक्कार्क व्ही३१०’ हा अतिदक्षता विभागासाठीचा व्हेंटिलेटर विकसित केला.

रचना : साधारणपणे आदर्श वजनाच्या दर किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर हवा एका श्वासात दिली जाते, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ३०० ते ४०० मिलिलिटर. जास्त दाबाने फुप्फुसांना इजा होते, म्हणून दाब व प्रवाह मोजणारे संवेदक आणि धोक्याची घंटा यांत काटकसर करता येत नाही. पिशवी दाबणारी साधी यंत्रे रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाशी नीट जुळवून घेत नाहीत. ती थोड्या वेळेपुरतीच योग्य. नवजात बाळांसाठी ‘बबल सीपॅप’ हा सोपा पर्याय आहे. त्यात उच्छ्वासाची नळी पाण्यात बुडवतात. नळी ५ सेंटिमीटर बुडाली, की तेवढाच जलदाब मिळतो.

स्थळानुसार गरजा : मोठ्या रुग्णालयात भिंतीतल्या नळीतून दाबाखालचा ऑक्सिजन व हवा मिळते. दापोली तालुक्यातील केळशीसारख्या किनारी गावात ती सोय गृहीत धरता येत नाही. तेथे खोलीतली हवा पंख्याने ओढणारे आणि कॉन्सन्ट्रेटरचा कमी दाबाचा ऑक्सिजन स्वीकारणारे यंत्र उपयोगी. १,५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला १० लिटर या गतीने अडीच तासांत संपतो, त्यामुळे ऑक्सिजनची बचत हाही रचनेचाच भाग ठरतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या पट्ट्यातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती; म्हणून टिकाऊ बॅटरी हवी. खाऱ्या, दमट हवेत गंजणार नाहीत असे जोड आणि सहज बदलता येणारे फिल्टरही हवेत. अशा गावात पूर्ण अतिदक्षता विभाग उभारण्यापेक्षा रुग्णाला सावरून १०८ च्या रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयात सुखरूप पोचवणारे, वाहून नेण्याजोगे यंत्र अधिक जीव वाचवू शकते.

खर्च : मे २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५०,००० देशी व्हेंटिलेटरांसाठी २,००० कोटी रुपये मंजूर झाले, म्हणजे यंत्रामागे सरासरी ४ लाख. पुढच्या वर्षी मराठवाड्यात आलेल्या अशा यंत्रांबाबतच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेल्या. खरेदीच्या किमतीत सुटे भाग, जवळचा दुरुस्ती तंत्रज्ञ आणि परिचारिकांचे प्रशिक्षण यांचा खर्च मिळवल्याशिवाय व्हेंटिलेटर स्वस्त आहे की महाग, हे ठरवता येत नाही. हा हिशेब आराखड्याच्या पहिल्या पानावरच मांडला पाहिजे.