अनिश्चित उपपद, इंग्रजीतील

इंग्रजीत एकवचनी गणनीय नामाने दर्शविलेली वस्तू वा व्यक्ती श्रोत्यास पूर्वपरिचित नसून त्या जातीपैकी कोणतीही एक असते, तेव्हा त्या नामापूर्वी येणारे ‘अ’ किंवा ‘ॲन’ हे उपपद.

इतिहास : प्राचीन इंग्रजीतील ‘आन’ (एक) या संख्यावाचकापासून हे उपपद निघाले व पुढे व्यंजनापूर्वी त्यातील अंत्य ‘न्’ लोपला. उपपदाचा ‘न्’ कोठे संपतो व नामाचा कोठे सुरू होतो, याविषयी मध्ययुगात संभ्रम पडून कित्येक शब्दांची सरहद्द सरकली : ‘नेप्रन’चे ‘एप्रन’ झाले, फ्रेंचमधून आलेल्या ‘नाउंपर’चा ‘अंपायर’ बनला, तर ‘एकनेम’ला उपपदाचा ‘न्’ चिकटून ‘निकनेम’ रूढ झाले. ‘ऑरेंज’चाही दाखला येथे पुष्कळदा देतात, तथापि ‘नारंग’मधील आद्य ‘न्’ तो शब्द इंग्रजीत पोहोचण्यापूर्वीच गळाला होता.

रूपे : निर्णय अक्षरावरून नव्हे, उच्चारावरून होतो, सबब ‘ॲन अवर’, ‘ॲन एम. ए.’, परंतु ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ वन-रुपी नोट’. 1611 च्या बायबलात ‘ॲन हाउस’ आढळते. ‘हिस्टॉरिकल’पूर्वी काय योजावे, याविषयी मतभेद आहेत.

वाक्प्रचार : ‘इन अ हरी’, ‘ॲज अ रूल’, ‘ऑल ऑफ अ सडन’ यांत उपपद रूढीने मुक्रर झालेले आहे. ‘ट्वाइस अ डे’मधील ‘अ’ मुळात ‘ऑन’ या अव्ययाचे क्षीण रूप असून आज तो ‘दर’ या अर्थी येतो. ‘सच’, ‘व्हॉट’, ‘मेनी’, ‘हाफ’ यांच्यानंतर, आणि ‘टू’ वा ‘सो’ असल्यास विशेषणाच्याही पुढे, उपपद येते : ‘टू बिग अ हाउस’. सभेच्या इतिवृत्तात ‘फ्यू मेंबर्स’ आले असे लिहिल्यास अनुपस्थितीची तक्रार होते, ‘अ फ्यू’ लिहिल्यास उपस्थितीची नोंद. ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’ ही नामे अगणनीय असल्याने त्यांना ‘अ पीस ऑफ’चा आश्रय लागतो.

मराठीत स्वतंत्र उपपद नसल्यामुळे व्यवसाय सांगताना (‘ही इज अ डॉक्टर’) ते गाळण्याची चूक विद्यार्थ्यांकडून होते.

लोप : एकवचनी ‘मॅन’ उपपदाविना आल्यास अखिल मानवजात असा अर्थ होतो. 1969 मध्ये चंद्रावर उतरताना नील आर्मस्ट्राँग यांनी उच्चारलेल्या वाक्यात म्हणूनच ‘मॅन’पूर्वीच्या ‘अ’ला महत्त्व आले, ‘अ मॅन’ म्हणण्याचाच आपला मानस होता, असा खुलासा त्यांनी केला, परंतु ध्वनिमुद्रणात तो ‘अ’ आहे किंवा नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.