सॅलरी स्लिपमधले ते 200 रुपये

मिहानमध्ये नोकरी लागली, पहिली सॅलरी स्लिप हातात आली आणि त्यात दिसलं, 'प्रोफेशनल टॅक्स : 200 रुपये'. हा कर आला कुठून?

डिसेंबरात आपल्या नागपुरात अधिवेशन भरतं ना, त्यातल्या विधान परिषदेचे सभापती 1960 ते 1978 या काळात वि. स. पागे होते. मूळचे सांगली जिल्ह्यातले. त्यांचं म्हणणं साधं होतं : जो अंगमेहनतीला तयार आहे, त्याला सरकारनं काम द्यायलाच हवं. सुरुवातीचा प्रयोग तासगाव तालुक्यात झाला. मग 1972 चा दुष्काळ पडला आणि लाखो माणसं सरकारी कामांवर खडी फोडायला, माती उपसायला आली.

पण कायमची हमी द्यायची, तर पैसा? 1975 मध्ये शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलं. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला. बाई असो की पुरुष, मजुरीचा दर एकच.

म्हणजे शहराच्या पगारातून गावाला काम. आणि तेही उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून! 2005 मध्ये केंद्रानंही असाच कायदा केला.

आपला कर मात्र अजून कापला जातोय. म्हणून यंदा अधिवेशन भरलं, की आपल्या आमदाराला एवढंच विचारा : आमचे 200 रुपये कामाच्या जागेपर्यंत पोचतात का?