नूबियातले उत्खनन आणि १९६२ची निवडणूक

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचे मतदान करून शेलूच्या केंद्राबाहेर आलो, तोच ओमानमधील एका उत्खननावर असलेल्या वर्गमित्राचा संदेश आला: 'रांग किती आहे रे?' तीन दिवसांनी मतमोजणी सुरू झाली, तेव्हा कर्जतच्या फेऱ्यांचे आकडे मला त्याच्याकडूनच आधी कळत होते. सारे काही तिकडे पोहोचत होते. मत तेवढे त्याला देता आले नव्हते. आजचा थ्रेड त्याच्यासाठी, आणि बासष्ट वर्षांपूर्वीच्या अशाच एका हंगामाविषयी.

९ जानेवारी १९६० रोजी इजिप्तमध्ये आस्वानच्या उंच धरणाचे काम सुरू झाले. नाईलचे पाणी मागे चढले की नूबियाची वस्त्या-देवळे-थडगी असलेली भूमी बुडणार होती. ८ मार्चला युनेस्कोने जगाला मदतीची हाक दिली. अबू सिंबेलचे स्थलांतर आपण सर्वांनी वाचलेले असते; त्या हाकेला भारतानेही ओ दिली होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२च्या हंगामात अफिया आणि तुमास येथे काम केले.

अफियात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या, 'ए-ग्रुप' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांची दगडी घरे सापडली. तुमासला त्यानंतरच्या 'सी-ग्रुप'ची दफने होती. नूबियातील काळी-तांबडी भांडी पाहून लालांना दक्षिण भारतातील महापाषाणीय दफनांची आठवण झाली. आपल्या विदर्भातही हीच कथा: नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे सर्वेक्षणाने त्याच हंगामात खणली, आणि तिथेही काळी-तांबडी भांडी आहेत. (साम्य म्हणजे नाते नव्हे. दोहोंत काळाचे अंतरही मोठे आहे. हा मोह आवरावा.)

आणि याच हंगामात, १९ ते २५ फेब्रुवारी १९६२ दरम्यान, मायदेशी तिसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची विधानसभेचीही ती पहिलीच. पूर्वी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. आता एकाच मतपत्रिकेवर चिन्हासमोर शिक्का मारायचा होता. बोटाला लागली ती म्हैसूरच्या कारखान्यातील न पुसणारी शाई, तीही सार्वत्रिक निवडणुकीत प्रथमच. लोकसभेच्या ४९४ पैकी ३६१ जागा काँग्रेसला, विधानसभेच्या २६४ पैकी २१५. आमच्या कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासूनचा रायगड) शेकापने १९५७ मध्ये जिंकलेली लोकसभेची जागाही काँग्रेसने परत घेतली.

नूबियातल्या माणसाला हे कळण्याची साधने म्हणजे आकाशवाणीची लघुलहरी आणि शिळी वर्तमानपत्रे. आज ते अंतर उरलेले नाही. कायद्याचे अंतर मात्र जवळपास तेवढेच आहे. टपाली मताची सोय तेव्हाही होती आणि आजही आहे, पण ती प्रामुख्याने सैनिकांना आणि परदेशी नेमणुकीवरच्या सरकारी नोकरांना. तात्पुरते बाहेर गेलेल्याचे नाव यादीतून जात नाही. मत द्यायचे तर यावेच लागते. २०१०च्या दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकांना यादीत नाव नोंदवता येऊ लागले, तरी मतदान स्वतःच्या केंद्रावर हजर राहूनच. माझ्या मित्राला ओमानहून विमानाने येणे निदान कल्पनेत तरी शक्य होते.

लालांच्या पथकाला हंगाम पुढे ढकलणे शक्य नव्हते. निवडणूक पुन्हा येणार होती. अफिया येणार नव्हते. ते स्थळ आज नासर सरोवराच्या तळाशी आहे. आणि ज्यांच्या गावांशेजारी हे खोदकाम चालले होते, त्या सुमारे पन्नास हजार इजिप्शियन नूबियन लोकांना १९६३-६४ मध्ये कोम ओम्बोच्या परिसरात हलवण्यात आले. धरण व्हावे की नाही, यावर त्यांचे मत कोणी घेतले नव्हते.