जैवबहुवारिकांची विद्युतकताई

विद्युतकताई अर्थात इलेक्ट्रोस्पिनिंग ही उच्च विद्युतदाबाच्या साहाय्याने बहुवारिकाच्या द्रावणातून अतिसूक्ष्म तंतू ओढण्याची पद्धत आहे. सेल्युलोज, कायटोसान, जिलेटिन, रेशमातील फायब्रॉइन, मक्यातील झेइन इत्यादी सजीवजन्य बहुवारिकांचे नॅनोतंतू या पद्धतीने तयार करून ते जखमेवरील पट्ट्या, ऊतींच्या वाढीसाठीच्या आधारजाळ्या, अन्नघटकांची आवरणे आणि खाद्यवेष्टने यांसाठी वापरण्यावर संशोधन चालू आहे. २०० नॅनोमीटर जाडीच्या तंतूच्या तुलनेत माणसाचा केस सुमारे ३०० पट जाड असतो.

कार्यपद्धती

पिचकारीत भरलेले द्रावण धातूच्या बारीक सुईतून अत्यंत संथपणे, बहुधा ताशी १ मिलिलिटरच्या आसपास, पुढे ढकलले जाते. सुईला १० ते ३० किलोव्होल्ट दाब दिलेला असतो व तिच्यासमोर १० ते २० सेंटिमीटरवर संग्राहक पत्रा असतो. विद्युतबलाने पृष्ठताणावर मात केली की सुईच्या टोकावरील थेंबाला शंकूचा आकार येतो. यास ‘टेलर शंकू’ म्हणतात. शंकूच्या टोकातून निघालेली धार हवेत चाबकासारखी वेटोळी घेत ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर तंतूंची न विणलेली चादर साठते. द्रावणातील साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतलेल्या नसतील तर धार तुटते व तंतूऐवजी मणी पडतात.

इतिहास

या प्रक्रियेची पहिली पेटंटे अमेरिकेत १९०२ मध्ये जॉन कूली व विल्यम मॉर्टन यांना मिळाली. आंटोन फॉर्महाल्स यांचे १९३४ चे पेटंट वस्त्रोपयोगी धाग्यांसाठी होते, आणि त्यातील मुख्य पदार्थ सेल्युलोज ॲसिटेट हा होता. म्हणजे वनस्पतिजन्य पदार्थ या तंत्रात आरंभापासूनच आहे. शंकूचे गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडले. १९९० च्या दशकात अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांच्या कामामुळे विषयाला नव्याने गती मिळाली.

नैसर्गिक पदार्थांच्या अडचणी

कृत्रिम बहुवारिके तुलनेने सहज कातली जातात. नैसर्गिक मात्र बहुधा नाहीत. कायटोसानच्या साखळीवर आम्लात धन प्रभार येतो, त्यामुळे साखळ्या एकमेकींना दूर लोटतात आणि द्रावण नको तितके दाट होते. अल्जिनेट पाण्यात विरघळते, पण एकट्याने तंतू देत नाही. सेल्युलोज तर हायड्रोजन बंधांच्या घट्ट जाळ्यामुळे सामान्य द्रावकांत विरघळतच नाही. पुलुलान (पाण्यातून) आणि झेइन (जलमिश्रित इथेनॉलमधून) हे सुखद अपवाद असून अन्नक्षेत्रात त्यांचा इतका वापर होण्याचे कारण हेच आहे.

यावर तीन उपाय केले जातात आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. पहिला म्हणजे पॉलिएथिलीन ऑक्साइडसारखे वाहक बहुवारिक मिसळणे. मग तंतू पूर्णतः नैसर्गिक राहत नाही. दुसरा, ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल किंवा फ्लुओरिनयुक्त अल्कोहोल यांसारखे तीव्र द्रावक; त्यांचा अंश मागे राहिल्यास तो जखमेत किंवा अन्नात जाण्याचा धोका असतो. तिसरा उपाय कताईनंतरचा. पाण्यात विरघळू नये म्हणून जिलेटिनच्या तंतूंतील साखळ्यांना आडव्या बंधांनी जोडतात. त्यासाठी वापरले जाणारे ग्लुटाराल्डिहाइड पेशींना घातक आहे. कोलॅजेनचे उदाहरण विशेष बोलके आहे. २००८ मध्ये झ्यूगोलिस व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की फ्लुओरोअल्कोहोलमधून कातताना कोलॅजेनची तिपेडी रचनाच उसवते व हाती जवळजवळ जिलेटिन येते. ‘नैसर्गिक’ हे विशेषण त्यामुळे कच्च्या मालावरून नव्हे, तर तयार तंतूच्या तपासणीवरून द्यावयास हवे.

उपयोग

अशा चादरीची सच्छिद्र रचना शरीरातील पेशीबाह्य जाळीशी मिळतीजुळती असते. ती जखमेतील स्राव शोषते, हवा खेळू देते आणि तिच्यात औषध भरता येते. मात्र छिद्रे फारच बारीक असल्याने पेशींना खोलवर शिरता येत नाही. अन्नक्षेत्रात बीटा-कॅरोटिन, माशांचे तेल, उपकारक जिवाणू असे प्रकाश, ऑक्सिजन वा उष्णतेने बिघडणारे घटक तंतूंत बंदिस्त केले जातात. कताई कक्ष तापमानाला होते हा येथे फवारा-शुष्कनाच्या तुलनेत मोठा फायदा. नॅनो-आधारित कृषी निविष्ठा व अन्नपदार्थांच्या मूल्यमापनासाठी भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

ढोकी परिसरातील कच्चा माल

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील ढोकी हे गाव तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित आहे. ऊस, सोयाबीन आणि तुती ही या भागातील पिके तीन जैवबहुवारिकांकडे नेतात. रेशीम कोशाच्या धाग्यात ७० ते ७५ टक्के फायब्रॉइन असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनच्या वैद्यकीय वापरावर काम झाले आहे, मात्र नॅनोतंतू हा त्याचा एकमेव मार्ग नव्हे. सोयाबीनची पेंड प्रथिनसमृद्ध असली तरी तिचे गोलसर प्रथिन आधी उलगडावे लागते व बहुधा वाहकासह कातावे लागते.

उसाच्या बगॅसचा, म्हणजे चोथ्याचा, मार्ग अधिक लांब आहे. लिग्निन व हेमिसेल्युलोज काढून उरलेल्या सेल्युलोजचे ॲसिटेट करावयाचे, ते ॲसिटोनयुक्त द्रावकातून कातावयाचे आणि अल्कलीने पुन्हा सेल्युलोज मिळवावयाचे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील नॅनोसेल्युलोज ही यापासून वेगळी गोष्ट आहे. तेथे तंतू कातत नाहीत, तर असलेले तंतू सूक्ष्म तुकड्यांत फोडतात. दोहोंची गल्लत वारंवार होते.

उत्पादनाचा प्रश्न

१० टक्के द्रावण ताशी १ मिलिलिटर या वेगाने सोडल्यास एका सुईतून तासाला सुमारे ०.१ ग्रॅम तंतू निघतात. १ टन उसातून साधारण २८० किलो ओले बगॅस मिळते. त्यातील निम्मे पाणी वजा करता उरलेल्या कोरड्या भागात सुमारे ६० किलो सेल्युलोज असते. एका सुईने ते कातावयाचे म्हटले तर अखंड ६८ वर्षे लागतील. चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स येथे विकसित झालेल्या सुईविरहित यंत्रात फिरत्या दंडगोलावरून किंवा तारेवरून एकाच वेळी असंख्य धारा निघतात, त्यामुळे वेग बराच वाढतो. पण वाफ होणारा द्रावकही त्याच प्रमाणात वाढतो व तो परत गोळा करावा लागतो. शिवाय बगॅस हे कारखान्याच्या बॉयलरचे इंधन असून सहवीजनिर्मितीतही जळते. तंतूंसाठी ते वळवावयाचे तर त्या इंधनाच्या किमतीशी स्पर्धा करावी लागते.