नक्कल झाली, पत्ता राहिला

नागपुरात उर्दू कंपोझिंग करणाऱ्याला विंडोज सोडणं अवघड जातं. त्याचं कारण जुनं आहे. 1981 साली मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइपसाठी नूरी नस्तालीक तयार केलं. सुमारे 20,000 अक्षरजोड हातानं लिहून काढले, तेव्हा कुठे कातिबाची लय यंत्रात उतरली. 1994 च्या सुमारास दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरनं याच लिपीवर इनपेज आणलं, आणि ते विंडोजसाठीच. जुन्या इनपेजच्या फायली युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे दुसरीकडे नुसत्या उचलून नेता येत नाहीत. ज्यांना मराठी लेखन आणि इतर कामासाठी लिनक्स आवडलं, त्यांनी मग एकाच डिस्कवर दोन्ही ठेवलं.

एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं आली की प्रश्न उभा राहतो: बटण दाबल्यावर कोणाचं दार उघडायचं, आणि त्याचा पत्ता कुठे लिहायचा?

1983 साली आयबीएमचा पीसी एक्सटी हार्ड डिस्कसह आला, तेव्हा उत्तर सोपं होतं. डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइटमध्ये. त्यातले 446 बाइट सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्रामला, 64 बाइट चार विभागांच्या नोंदीला, उरलेले दोन सहीसारखे. पत्ता डिस्कवरच असल्यानं डिस्कसोबत त्याचीही नक्कल होई.

1992 मध्ये वेर्नर आल्मेसबर्गर यांचं लिलो आलं आणि यात पहिली गाठ पडली. लिलोला फाईल ओळखता येत नसे. लिनक्सचा गाभा डिस्कवर नेमका कोणत्या जागी पडला आहे, तेवढंच ते टिपून ठेवी. फायली नव्या डिस्कवर नेल्या की जागा बदलत आणि टिपण खोटं ठरे. पडद्यावर ‘एल’, ‘आय’ ही दोनच अक्षरं उमटत आणि यंत्र गप्प. त्या काळी पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडीवरून लिनक्स शिकलेल्या पिढीला ही दोन अक्षरं विसरणं कठीण. उपाय एकच, लिलो पुन्हा चालवायचं. 1995 मध्ये एरिक बोलेन यांनी सुरू केलेलं ग्रब शहाणं निघालं. ते स्वतः फाईल शोधून वाचतं.

खरा बदल इंटेलनं केला. इटेनियम प्रोसेसरसाठी घडवलेली ईएफआय ही पद्धत 2005 पासून यूईएफआय या नावानं सर्वांची झाली आणि 2012 च्या विंडोज 8 नंतर घरोघरी पोहोचली. यात पत्ता दोन ठिकाणी विभागला गेला. सुरुवातीची फाईल डिस्कवरच्या एका छोट्या विभागात असते, पण ‘अमुक डिस्कच्या अमुक विभागातली अमुक फाईल उघड’ ही नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत असते. डिस्कची नक्कल करणारं यंत्र मदरबोर्डची नक्कल करत नाही!

माझ्या एका कंपोझर स्नेह्याची जुनी डिस्क कुरकुरू लागली, तेव्हा हेच घडलं. लग्नपत्रिका, मदरशांचे अहवाल, दोन शायरांचे अप्रकाशित संग्रह असं सगळं तिच्यावर होतं. सीताबर्डीच्या एका दुकानात तिची एसएसडीवर नक्कल झाली. विंडोज सुरू झालं, लिनक्सचा पत्ता नाही. ‘उडालं, नव्यानं टाकावं लागेल,’ असं त्याला सांगण्यात आलं. नव्यानं टाकताना विभाग पुसला गेला असता, आणि दोन्ही संग्रहांची शेवटची दुरुस्त प्रत त्याच विभागात होती.

उडालं काहीच नव्हतं. अनेक मदरबोर्डना विंडोजच्या फाईलची ठरलेली जागा आधीच ठाऊक असते, म्हणून नोंद नसतानाही ते सापडतं. लिनक्सला ही सवलत क्वचितच मिळते. आम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवलं, एफीबूटएमजीआर या आज्ञेनं मदरबोर्डवरची यादी पाहिली. लिनक्सची नोंद गायब. नव्या डिस्कचा विभाग आणि त्यातल्या फाईलचं नाव देऊन ती पुन्हा लिहिली. पाच मिनिटांचं काम. विंडोज अडलं असतं, तर त्याच्या दुरुस्ती-डिस्कवरून बीसीडीबूट ही आज्ञा तेच करते. पुढे ग्रबच्या यादीतून विंडोज गायब दिसलं, तर घाबरू नये. 2021 च्या 2.06 आवृत्तीपासून ग्रबनं दुसऱ्या प्रणाली शोधणं मुळातच बंद ठेवलं आहे. सेटिंगमध्ये ओएस-प्रोबर चालू करून यादी नव्यानं बनवावी लागते. सुरक्षेचं कारण दिलं जातं, पण आमच्यासारख्या दुहेरी संसारवाल्यांची यात गैरसोयच झाली.

हे सगळं करताना जुनी डिस्क यंत्रातून काढून ठेवावी. हुबेहूब नकलेत विभागांचे ओळखक्रमांकही तेच येतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील, तर लिनक्स नव्या डिस्कवरून सुरू होऊन जुनीचाच विभाग उघडू शकतं. तुम्ही आठवडाभर मजकूर दुरुस्त करत राहता, आणि तो सगळा मरायला टेकलेल्या डिस्कवर जात असतो.