करार संपल्यानंतर

परदेशीं चाकरीसाठीं गेलेल्या मनुष्याच्या हातांत एक कागद असतो. आपण येथें कशासाठीं आलों, कोणाची चाकरी करणार आणि कोठपर्यंत राहूं शकणार, हें सर्व त्या कागदावर नमूद असतें. चाकरी सुरळीत चालली आहे तोंपर्यंत त्या कागदाची आठवण सहसा कोणास होत नाहीं. परंतु साठी जवळ येते. संसार तिकडेच मांडलेला असतो, मुलें तिकडेच वाढलेलीं असतात. आणि एके दिवशीं लक्षांत येतें कीं, आपल्या तेथील वास्तव्याचा आधार आपलें घर नव्हे, आपली चाकरी आहे. ती संपली कीं राहण्याची परवानगीही संपते. मग त्या देशांत राहूनच चाकरीचा परवाना टाकून निवृत्तीच्या वास्तव्याचा परवाना मिळवावा लागतो. आज महाराष्ट्रांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत ही चर्चा चालते, आणि ती बहुधा अर्जांच्या व पैशांच्या हिशेबापलीकडे जात नाहीं. आमच्या मतें ह्या प्रश्नाला दीर्घ इतिहास आहे, व त्यांत आपल्या कोंकणांतील व देशावरील माणसांचाही वाटा आहे. तो इतिहास एका लहानशा बेटावर आरंभापासून आजतागाईत पाहतां येतो. तें बेट म्हणजे मॉरिशस.

फ्रेंचांपासून हें बेट इंग्रजांनीं १८१० मध्यें घेतलें. उंसाची लागवड हें त्याचें मुख्य धन, व तें धन गुलामांच्या श्रमांवर उभें होतें. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं तेथें गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. ती बंद होणार हें दिसत असल्यामुळें मळेवाल्यांनीं आधींच हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली होती. कलकत्त्याहून निघालेलें ‘अॅटलास’ नांवाचें जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजीं पोर्ट लुई बंदरांत पोंचलें. त्यांत छत्तीस मजूर होते. पांच वर्षांच्या करारानें, दरमहा पांच रुपयांवर ते आले होते. त्यानंतर १९२० पर्यंतच्या काळांत जवळजवळ पांच लाख माणसें ह्याच वाटेनें त्या बेटावर उतरलीं. कलकत्ता आणि मद्रास ह्यांच्याप्रमाणेंच मुंबई बंदरांतूनही मजुरांचीं जहाजें सुटत, व त्यांतून मराठी बोलणारीं कुटुंबें तिकडे गेलीं. पोर्ट लुई येथें ज्या धक्क्यावर हे लोक उतरत त्यास आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ मध्यें त्याची जागतिक वारशाच्या स्थळांत गणना झाली.

करारांच्या मुदती व अटी वेळोवेळीं बदलत गेल्या. पण पांच वर्षांची चाकरी हें माप ठरून गेलें. ह्या पांच वर्षांत मजूर जवळजवळ मळ्याला बांधलेला असे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची जी रीत तेथें होती, ती ‘डबल कट’ ह्या नांवानें कुप्रसिद्ध आहे. परंतु मळ्यावरील हाल हा आमचा प्रस्तुत विषय नव्हे. त्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. पांच वर्षें पुरीं झालीं, करार फिटला. आतां त्या मनुष्याचें काय?

आरंभीं ह्याचें उत्तर सोपें होतें. मुदत संपली कीं त्यास सरकारी खर्चानें मायदेशीं परत पाठवावयाचें. परंतु मजूर परत गेला तर त्याच्या जागीं दुसरा आणण्याचा खर्च पडतो, आणि कामांत मुरलेला हात जातो तो निराळाच. म्हणून शतकाच्या मध्याच्या सुमारास परतीच्या मोफत प्रवासाची सोय काढून घेण्यांत आली. म्हणजे मजुरानें जाऊं नये अशी तजवीज झाली. परंतु त्यानें मोकळेपणानें राहावें अशी मात्र कोणाचीच इच्छा नव्हती. मळेवाल्यांस हवें होतें तें इतकेंच कीं, एक करार संपतांच त्यानें दुसऱ्यावर अंगठा उठवावा.

पांच वर्षें पुरीं केलेल्या मजुरास सरकारी भाषेंत ‘जुना आप्रवासी’ म्हणत. १८६१ च्या शिरगणतीपर्यंत हिंदी लोक बेटाच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक झाले होते, आणि त्यांतील ह्या जुन्या मंडळींची संख्या सारखी वाढत होती. कोणी भाजीपाला पिकवी, कोणी गाई पाळी, कोणी फेरी करी. हे लोक करारांतून निसटत आहेत हें पाहून १८६७ मध्यें त्यांच्यासाठीं एक कडक कायदा करण्यांत आला. प्रत्येक जुन्या आप्रवाशानें स्वतःचें छायाचित्र चिकटविलेलें तिकीट व पोलिसांचा पास सदोदित जवळ बाळगावा. हे कागद न आढळल्यास त्यास भटक्या समजून पकडावें. जो मनुष्य दहा-वीस वर्षें त्या भूमींत राबला, त्याच्यावर आतां आपण रिकामटेकडे नाहीं हें रस्त्यावरच्या शिपायास रोज पटवून देण्याची पाळी आली. ह्याच वर्षीं बेटावर हिंवतापाची भयंकर सांथ होती, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ह्या जुलमास प्रथम मोठ्या प्रमाणावर वाचा फोडली ती १८७१ मध्यें. अडॉल्फ द प्लेव्हित्झ ह्या युरोपियन गृहस्थानें जुन्या आप्रवाशांची तक्रार अर्जाच्या रूपानें गव्हर्नरापुढें ठेवली. त्या अर्जावर ९,४०१ जणांच्या सह्या व निशाण्या होत्या. मळेवाल्यांचा त्याच्यावर इतका रोष झाला कीं, भर रस्त्यांत त्यास मारहाण झाली. परंतु अर्ज दडपतां आला नाहीं. १८७२ मध्यें विलायतेहून राजनियुक्त कमिशन येऊन चौकशी झाली, १८७५ मध्यें तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि १८७८ मध्यें मजुरांचा कायदा सुधारण्यांत आला. त्या अर्जाच्या मुळाशीं असलेली मागणी वेतनवाढीची नव्हती, हें आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. करार पुरा केलेल्या मनुष्यास त्याच भूमींत उजळ माथ्यानें वावरतां यावें, एवढेंच त्या हजारों निशाण्यांचें म्हणणें होतें.

हेंच दुखणें दक्षिण आफ्रिकेंत अधिक उघडें दिसतें. नाताळ येथील सरकारनें १८९५ मध्यें असा कायदा केला कीं, करार संपल्यावर जो मजूर हिंदुस्थानांत परतणार नाहीं व नवा करारही करणार नाहीं, त्यानें दरसाल तीन पौंड कर भरावा. कराराच्या पहिल्या वर्षीं मजुराचा पगार दरमहा दहा शिलिंग असे. म्हणजे तीन पौंड ही त्याची सहा महिन्यांची कमाई झाली. पुढें हाच कर त्याच्या वयांत आलेल्या मुलामुलींवरही बसविण्यांत आला. येथें आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचें स्मरण होतें. नाताळास मजूर पाठविणें बंद करावें असा ठराव त्यांनीं १९१० मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत आणला व तो संमत झाला. १९१२ मध्यें एकंदर करारबंद मजुरीच बंद करावी असा दुसरा ठराव आणला, तो सरकारी मतांपुढें पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते स्वतः दक्षिण आफ्रिकेंत गेले. १९१३ मध्यें गांधीजींच्या लढ्यांत हा कर हेंच एक मुख्य कारण होतें, आणि १९१४ मध्यें तो रद्द झाला. १९१७ मध्यें करारबंद मजुरांची निर्गतच थांबली.

असो. मॉरिशसांतील जुने आप्रवासी शेवटीं त्या भूमींत रुजले ते केवळ कायद्याच्या दयेनें नव्हे. साखरेच्या धंद्यास ओहोटी लागली तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मळेवाल्यांनीं आपल्या जमिनींचे तुकडे पाडून विकावयास आरंभ केला. पोटास चिमटा घेऊन सांठविलेल्या पैशांतून ह्या लोकांनीं ते तुकडे विकत घेतले. ज्यांस परवाना नव्हता त्यांच्याजवळ आतां खरेदीखत आलें. एकंदर आलेल्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश लोक मायदेशीं परतले. बाकीच्यांची वस्ती तेथेंच झाली. १९६८ मध्यें बेट स्वतंत्र झालें, त्या वेळचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे एका करारबंद मजुराचेच पुत्र. मराठी वंशाचे लोक आजही तेथें आहेत. गणेशचतुर्थीनिमित्त तेथें सार्वजनिक सुटी असते, व शाळांतून मराठीचें शिक्षणही चालतें.

आतां त्याच बेटाची आजची रीत पाहूं. २००६ पासून तेथें परकी नागरिकांसाठीं परवान्यांची नवी व्यवस्था आहे. ठरावीक पगाराच्या परकी नोकरदारास नोकरी व वास्तव्य ह्यांचा एकत्र परवाना मिळतो. आणि पन्नाशी ओलांडलेल्या परकी मनुष्यास निवृत्त म्हणून राहण्याचा वेगळा परवाना मागतां येतो. ह्या दुसऱ्या परवान्याची मुख्य अट अशी कीं, ठरवून दिलेली रक्कम परकी चलनांत बाहेरून बेटावरील बँकेंत आणीत राहावें. त्या परवान्यावर पगाराची नोकरी करतां येत नाहीं. पहिला परवाना माणसाचे हात मागतो, दुसरा त्याची थैली मागतो. आणि एकावरून दुसऱ्यावर जाणारा मनुष्य तोच असला, तरी सरकारच्या दृष्टीनें तो नवाच अर्जदार ठरतो.

१८६७ चा कायदा आणि आजची रीत ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. आज कोणी कोणास रस्त्यांत पकडून भटक्या ठरवीत नाहीं, आणि पाहुण्यानें आपल्यावर भार होऊं नये असें एखाद्या लहान देशास वाटणें हेंही गैर नव्हे. परंतु एक गोष्ट बदललेली नाहीं. त्या भूमींत आधीं किती वर्षें राबलां, हा प्रश्न निवृत्तीच्या दाराशीं निर्णायक ठरत नाहीं. आतां काय आणतां, हाच ठरतो. मोठ्या पगाराचा अधिकारी ह्या दारांतून सहज आंत जातो. बेटावरील कापडाच्या कारखान्यांत राबणाऱ्या परकी कामगारांस, ज्यांत बांगलादेशांतून आलेले पुष्कळ आहेत, तें दार जवळजवळ बंदच आहे; त्यांची मुदत भरली कीं त्यांनीं परतावयाचें.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जुन्या आप्रवाशांचीं दप्तरें जतन केलेलीं आहेत. त्यांतील छायाचित्रें एके काळीं पोलिसांच्या सोयीसाठीं काढलेलीं होतीं. आज नातवंडें-पणतवंडें त्यांत आपल्या पूर्वजाचा चेहरा व गांवाचें नांव शोधीत येतात. आपल्या घरांतील कोणी परदेशीं निवृत्तीचा अर्ज भरीत असेल, तर त्याच्या कागदांकडे पाहतांना ह्या दप्तरांची आठवण ठेवावी असें आम्हांस वाटतें. अर्जाच्या अटी पुऱ्या कराव्यात, त्यांस इलाज नाहीं. पण बाहेरदेशच्या माणसास हीच परवानगी देण्याची पाळी आपल्या देशावर येईल, तेव्हां त्याच्या थैलीबरोबर त्याच्या राबण्याचीं वर्षेंही मोजावीं, इतकें तरी ह्या इतिहासापासून आपण शिकलों असलों पाहिजे.